मावशींची बाटली आणि आपला सातबारा

मागच्या महिन्यात आमच्या एका बचत गटाच्या बैठकीत एका मावशींनी पिशवीतून छोटी बाटली काढली. गुडघेदुखीचं तेल. वर गांजाच्या पानाचं चित्र. "ताई, हे घरात ठेवलं तर पोलीस धरतील का गं?" त्यांनी विचारलं. उत्तर शोधताना मी पार इंग्रजांच्या काळात जाऊन पोहोचले.

हे झाड आपल्याला नवं नाही. पानांची भांग, मादी झाडाच्या फुलोऱ्याचा गांजा आणि चिकाचा चरस. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थात साधूंच्या हातातली चिलीमही आपण पाहिली आहे. इंग्रजांच्या काळात गांजा सरकारी परवान्यानं विकला जाई आणि कर सरकारच्या तिजोरीत जाई. गांजानं माणसं वेडी होतात अशी ओरड विलायतेत झाली, तेव्हा १८९३ मध्ये सरकारनं चौकशी आयोग नेमला. त्यानं देशभर फिरून ११९३ जणांच्या साक्षी घेतल्या. १८९४ च्या अहवालात म्हटलं, की बेतानं घेणाऱ्याला फारसा अपाय नाही, अतिरेक वाईट. सरसकट बंदी नको, परवाना आणि कर ठेवा. ज्या घरातला कर्ता व्यसनी, त्या घरातल्या बाईचा हिशोब मात्र कराच्या वहीत मांडला जात नाही.

स्वातंत्र्यानंतर वारं बदललं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात दारूबरोबर भांग-गांजाही आला. म्हणून राजस्थानात भांगेची परवानाधारक दुकानं दिसतात, पण आपल्याकडे परवान्याशिवाय भांग बाळगणं गुन्हा आहे. १९६१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८५ मध्ये देशाचा अंमली पदार्थ कायदा आला. त्यात गांजा आणि चरस आहेत. फुलोऱ्याशिवायची नुसती पानं आणि बिया नाहीत. २०२१ मध्ये बिया आणि बियांचं तेल खाद्यपदार्थ म्हणून विकायलाही ठरावीक मर्यादेत मान्यता मिळाली. झाड एकच, पण पान, फूल आणि बी यांचे नियम वेगवेगळे!

मग मावशींच्या बाटलीचं काय? पानांपासून केलेलं, आयुर्वेदिक औषधाचा परवाना असलेलं आणि वैद्यांच्या सल्ल्यानं घेतलेलं असेल, तर ते औषध. मावशींच्या बाटलीवर परवाना क्रमांकच नव्हता, पत्ताही नव्हता. ती वापरू नका, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

आता त्याहून मोठी गोष्ट. कुणी येतो, म्हणतो, "मक्याच्या मध्ये चार सऱ्या लावू द्या, आता हे कायदेशीर झालंय, पैसे रोख." मैत्रिणींनो, असं काही झालेलं नाही. परवानगीशिवाय झाडं लावली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आपल्या जमिनीत अशी झाडं आहेत हे माहीत असून कळवलं नाही, तरी जमीन धारण करणाऱ्यावर गुन्हा होतो. सातबाऱ्यावर आपलं नाव लागावं म्हणून आपण किती वर्षं भांडलो! तेव्हा त्या नावाखाली शेतात काय उगवतंय, हे बांधावर जाऊन आपणच बघायचं. काही दिसलं, तर लगेच पोलीस ठाण्यात कळवायचं, आणि एकटीनं जायचं नाही, गटानं जायचं.