पोरगं हुशार, पण वाचता-लिहिता येईना? मारू नका, तपासणी करा

बाजाराचा हिशोब तोंडी बिनचूक, गोष्ट ऐकली की पाठ. पण पुस्तक समोर आलं की पोरगं अडखळतं. घरचे म्हणतात आळशी, शाळेत म्हणतात लक्ष नाही. कारण वेगळं असू शकतं: अध्ययन अक्षमता. हा बुद्धीचा दोष नाही.

लक्षणे : तिसरी-चौथीतही ‘घ-ध’, ‘भ-म’ यांत गोंधळ, 12 चे 21 लिहिणे, फळ्यावरचं उतरवायला फार वेळ, वाचायचं म्हटलं की पोट दुखणे.

काय करावे :
1. आधी डोळे-कान तपासा. शाळेत येणाऱ्या आरोग्य पथकाला सांगा. तपासणी मोफत असते.
2. वर्गशिक्षकांशी बोला. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांची भेट मागा.
3. जिल्हा रुग्णालयात चाचणीची चौकशी करा. जाताना मुलाच्या वह्या न्या. पक्के निदान साधारण 8 वर्षांनंतर होते.

हक्क : 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत ही अक्षमता आहे. प्रमाणपत्र असल्यास दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रमाणपत्रासाठी ‘स्वावलंबन’ पोर्टलवर अर्ज करता येतो. दहावीच्या तोंडावर धावपळ नको, आधीच काढून ठेवा.

घरी : रोज 15 मिनिटे सोबत बसून मोठ्याने वाचा. भावंडांशी तुलना करू नका. ‘ढ’ म्हटलेलं पोर शाळा सोडतं. वेळेत मदत मिळाली तर तेच पोर शिकतं.