पोलो आणि पोलीस

सप्टेंबर आला की एक गैरसमज हमखास कानावर येतो : 'ऑपरेशन पोलो' म्हणजे 'पोलीस ॲक्शन'चेच संक्षिप्त रूप. वस्तुतः या दोन इंग्रजी नामांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नाही.

'पोलीस'चे मूळ ग्रीक 'पोलिस', म्हणजे नगरराज्य. 'पोलो' आला बाल्टिस्तानातून. बाल्टी भाषेत 'पुलू' म्हणजे चेंडू. हैदराबादेत पोलोची मैदाने पुष्कळ, म्हणून मोहिमेला हे सांकेतिक नाव पडले असे सांगतात. त्यात फार अर्थ शोधू नये.

अर्थ शोधायचा तो दुसऱ्या नावात. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून नळदुर्गच्या दिशेने निघाले ते पोलीस नव्हते, मेजर जनरल चौधरींचे रणगाडे होते. १७ तारखेला निजामाने युद्धबंदी जाहीर केली. मग 'युद्ध' का म्हटले नाही? युद्ध दोन राष्ट्रांत होते; पोलीस वावरतात स्वतःच्या हद्दीत. हैदराबादने ऑगस्टमध्येच सुरक्षा परिषदेकडे धाव घेतली होती. 'युद्ध' म्हणणे म्हणजे निजामाचे सार्वभौमत्व मान्य करणे. गंमत अशी, की १९४७ साली इंडोनेशियातील लष्करी मोहिमेला डचांनीही 'पोलिसी कारवाई'च म्हटले होते आणि तेव्हा तो प्रश्न सुरक्षा परिषदेत नेणाऱ्यांत भारतच होता!

या शब्दाने आपल्याकडे दोन गोष्टी झाकल्या. एक, स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसचा आणि रझाकारांचे अत्याचार सोसत लढलेल्या गावकऱ्यांचा वाटा. जणू पोलीस आले आणि सुटका झाली. म्हणून 'मुक्तिसंग्राम' हा शब्द मला अधिक न्याय्य वाटतो. पण दुसरी गोष्ट त्या शब्दातही मावत नाही. कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर जे ओढवले, त्याची पाहणी सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली. सर्वाधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद आणि नांदेड ही नावे नोंदवली. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी तिथलाच वकील. त्याच्या पापाची किंमत त्याच्या शेजाऱ्यांनी मोजली. अहवाल कित्येक दशके अप्रकाशितच राहिला.

माझी आजी सगळी कालगणना 'ॲक्शनच्या आधी' आणि 'ॲक्शननंतर' अशी करी. 'पोलीस' हा शब्द ती त्याला कधीच जोडत नसे.