तबकडीवर नाव कुणाचे?

परळ-दादरच्या एखाद्या छोट्या स्टुडिओत गाणे तयार झाले की ते स्ट्रीमिंग सेवांवर चढवण्यापूर्वी एक अर्ज भरावा लागतो. चौकोनी मुखचित्र हवे, बहुधा 3000 बाय 3000 पिक्सेलचे. त्यावर फोन नंबर, किंमत किंवा वेबसाइटचा पत्ता चालत नाही. मग गायक, सहगायक, गीतकार, संगीतकार, भाषा, प्रकार, प्रकाशनाची तारीख असे रकाने येतात आणि शेवटी त्या ध्वनिमुद्रणाचा आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक. बहुतेक कलावंत हे काम कारकुनी समजून मध्यरात्री कसेबसे उरकतात. मुंबईतल्या ध्वनिमुद्रणाचा इतिहास पाहिला तर मात्र ही कारकुनी वाटत नाही. गाण्यावर कोणाचे नाव लागायचे, हे या शहरात शंभरहून अधिक वर्षे माल विकणाऱ्याने ठरवले, आणि त्याने ते गिऱ्हाईक काय मागेल या हिशेबाने ठरवले. श्रेय हा त्या व्यवहारातला योगायोग होता.

ग्रामोफोनच्या आधी आपल्याकडे नाव गाण्याच्या पोटातच असे. अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा येई, लावणी-पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यात शाहीर स्वतःला गुंफी. कागद हरवला, गाणारा बदलला, तरी कर्ता गाण्याबरोबर चालत राही. ग्रामोफोनने ही सोय मोडली. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटे मावत, आणि कडवी गाळायची वेळ आली की शेवटचे कडवे सर्वांत आधी जाणार हे उघड आहे. नव्या यंत्रालाही नाव हवे होते, पण वेगळ्या कारणाने. 1902 च्या नोव्हेंबरात कोलकात्यात गौहर जानचे गाणे ध्वनिमुद्रित झाले. तिच्या सुरुवातीच्या तबकड्यांत गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव पुकारते. याचे नेहमी दिले जाणारे स्पष्टीकरण असे की तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना कोणती मेणाची चकती कोणाची हे कळावे म्हणून ही घोषणा. ते खरे असेल तर ध्वनिमुद्रणातला पहिला नामोल्लेख श्रोत्यासाठी नव्हताच, कारखान्याच्या सोयीसाठी होता.

पुढे काळबादेवी-गिरगावच्या दुकानांतून तबकड्या विकल्या जाऊ लागल्या तेव्हा मुखचित्र असे काही नव्हते. कागदी पाकिटाला मध्ये गोल भोक असे, त्यातून तबकडीवरचे लेबल वाचता येई, आणि उरलेल्या पाकिटावर कंपनीची किंवा दुकानाची जाहिरात. एकच पाकीट भजनालाही चाले आणि लावणीलाही. सारी ओळख त्या जेमतेम तीन इंची लेबलवर. त्यावर नाट्यपदाच्या बाबतीत नाटकाचे नाव आणि गायकनटाचे नाव ठळक असे, कारण दुकानात येणारा माणूस ‘बालगंधर्वांचे मानापमानातले पद’ अशीच मागणी करी. 1911 च्या ‘मानापमाना’ची पदे खाडिलकरांनी लिहिली आणि चाली गोविंदराव टेंब्यांनी दिल्या, पण लेबलवर ही नावे बहुधा नसत. नावाआधीचे ‘मास्टर’, ‘मिस’, ‘बाई’ हेही त्याच जातीचे. गाणारी व्यक्ती समाजाच्या कोणत्या पायरीवर उभी आहे हे त्यातून गिऱ्हाइकाला सांगितले जाई.

जागाच कमी होती, असा आक्षेप इथे येईल. तो फारसा टिकत नाही. त्याच तीन इंचांत कंपनीचे बोधचिन्ह, मालिका क्रमांक आणि हक्कांविषयीची इंग्रजी सूचना व्यवस्थित मावत होती. एचएमव्ही कंपनीच्या बोधचिन्हातल्या कुत्र्याला जागा होती, कवीला नव्हती. आणि कवीचे नाव विकू लागले तेव्हा जागाही झाली. 1932 च्या सुमारास जी. एन. जोशींच्या आवाजात ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ आली आणि भावगीत नावाचा प्रकार रुजला, तो कवितेच्याच प्रतिष्ठेवर. त्यानंतर गीतकाराचे नाव दिसणे नवलाचे राहिले नाही. 1935 मध्ये मुंबईत उभ्या राहिलेल्या नॅशनल ग्रामोफोन कंपनीच्या ‘यंग इंडिया’ तबकड्यांनी फारशी ख्याती नसलेल्या कितीतरी गायकांना लेबल मिळवून दिले. त्यामागे औदार्य किती आणि एचएमव्हीशी बांधलेले मोठे कलावंत हाती न लागण्याची अडचण किती, हा प्रश्न मात्र विचारायला हवा.

या साऱ्यातला सर्वांत बोलका पुरावा 1949 चा. ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’ची तबकडी बाजारात आली तेव्हा गायिका म्हणून लेबलवर नाव होते ‘कामिनी’, म्हणजे मधुबालाच्या पात्राचे. कंपनीच्या दृष्टीने यात लबाडी काहीच नव्हती. लोक सिनेमाचे गाणे विकत घेणार, आणि सिनेमात ते कामिनी गाते. पण गाणे रेडिओवर वाजले आणि ‘गाते कोण?’ अशी विचारणा सुरू झाली. ती इतकी वाढली की खरे नाव जाहीर करावे लागले. लता मंगेशकरांनी पुढे पार्श्वगायकांची नावे लेबलवर यावीत हा आग्रह सोडला नाही, हे खरे. तरी पहिला धक्का श्रोत्यांच्या कुतूहलाचा होता, आणि कुतूहल हीसुद्धा मागणीच असते. नाव छापल्याने तबकडी अधिक खपते हे दिसल्यावर पात्रांची नावे लेबलवरून मुकाट्याने उतरली.

मग कायदा आला, असे कोणी म्हणेल. आला, पण त्याने काय मागितले ते वाचण्यासारखे आहे. चोरट्या कॅसेटींचा सुळसुळाट झाल्यावर 1984 मध्ये कॉपीराइट कायद्यात 52अ हे कलम घातले गेले. ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर तीन गोष्टी हव्यात: निर्मात्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष. गायक नाही, गीतकार नाही, वादक तर नाहीच. कलम पाळूनही निनावी गाणे विकता येत होते. मुखचित्राचा प्रश्न न्यायालयात गेला तोही मालाच्या ओळखीचा म्हणूनच. प्रभादेवीच्या राजश्रीच्या ‘हम आपके हैं कौन’ची गाणी दुसऱ्या गायकांकडून गाऊन घेतलेल्या कॅसेटवरून 1995 साली दिल्ली उच्च न्यायालयात वाद झाला. या कॅसेटमध्ये चित्रपटातले मूळ ध्वनिमुद्रण नाही, हे वेष्टनावर स्पष्ट सांगणे न्यायालयाला आवश्यक वाटले. फसायचे ते गिऱ्हाईक, वाचवायचेही त्यालाच. ज्यांनी ती गाणी नव्याने गायली त्यांच्याबद्दल त्या वादात कोणाला फारसे पडलेले नव्हते.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे: नाव नसणे म्हणजे दरवेळी अन्याय असे कशावरून? काहींनी ते स्वतःहून झाकले. ‘मोहित्यांची मंजुळा’, ‘मराठा तितुका मेळवावा’, ‘साधी माणसं’, ‘तांबडी माती’ या चित्रपटांवर संगीतकार म्हणून ‘आनंदघन’ असे नाव आहे. ‘साधी माणसं’च्या संगीताला राज्य पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आनंदघन म्हणजे लता मंगेशकर हे सर्वांसमोर आले. ज्या बाईंनी गायिकेच्या नावासाठी आग्रह धरला त्यांनीच संगीतकाराचे नाव लपवले, यात मला विसंगती दिसत नाही. कोणत्या नावाने समोर यायचे हे स्वतः ठरवणे हाच तर मुद्दा आहे. आजचे अनेक वितरक गीतकार-संगीतकाराचे कायदेशीर नाव व आडनाव मागतात, तिथे आनंदघनाला अर्जाच्या त्या रकान्यात उभेच राहता आले नसते. उलट टोकाचे उदाहरण केसरबाई केरकरांचे. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांसोबत गेलेल्या तबकडीत त्यांची भैरवी आहे, आणि नासाच्या यादीत गायिकेचे नाव ‘सुरश्री केसरबाई केरकर’ असे लागले आहे. ‘सुरश्री’ ही कोलकात्यात मिळालेली पदवी. परदेशी वाचकाला ते पहिले नाव वाटले तर त्याचा दोष नाही.

विक्रेत्याच्या नोंदी निरुपयोगी होत्या असे मात्र मुळीच नाही. 1990 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींनी आणि मायकेल किनिअर यांच्यासारख्या सूचीकारांनी जुन्या संगीताचा कालक्रम लावला तो मालिका क्रमांक, कंपन्यांचे कॅटलॉग आणि तबकडीवर कोरलेले मॅट्रिक्स क्रमांक यांच्या आधारे. साठा मोजण्यासाठी टाकलेल्या आकड्यांवर आज गायकाच्या आयुष्यातली वर्षे निश्चित होतात. आयएसआरसीबद्दलही पन्नास वर्षांनी कोणी असेच म्हणेल, पण ज्याचा क्रमांक चुकीच्या गाण्याला चिकटला त्याचे पैसे तोपर्यंत दुसऱ्याकडे गेलेले असतील.

या अर्जात सर्वांत अवघडतो तो लालबाग-परळचा वारसा. अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक 1944 पासून गिरणगावात गात होते ते कामगारांच्या सभांपुढे, लेबलच्या भरवशावर नव्हे. त्या परंपरेत गाणे एकट्याचे नसते. मागचे झीलकरी, ढोलकी, डफ, तुणतुणे काढून घेतले तर शाहीर अर्धा उरतो. जुन्या लेबलांनी हे ‘आणि पार्टी’, ‘आणि साथी’ म्हणून उरकले. आजच्या अर्जात झीलकऱ्याला आणि ढोलकीवाल्याला स्वतंत्र रकाना मिळू शकतो, ही खरोखरची प्रगती आहे. आता तो रकाना भरणारा हात कंपनीचा नसून बहुधा मुख्य गायकाचाच असतो, त्यामुळे विक्रेत्याला दोष देण्याची सोयही राहिलेली नाही. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने कलाकार म्हणून आपली ओळख दिली जावी असा दावा करण्याचा हक्क वादकालाही दिला आहे, पण दावा त्याने करायचा असतो. अर्जात मुख्य कलाकाराचा रकाना सक्तीचा आहे, साथीदारांचा बहुतेक ठिकाणी ऐच्छिक, आणि ऐच्छिक रकाना कोरा ठेवूनही गाणे ठरल्या तारखेला प्रसिद्ध होते.