१९४० चा पंचरंगी मोसम : एक संघ निघून गेला, स्पर्धा राहिली

क्रिकेटवर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते, पण मुंबईच्या पंचरंगी सामन्यांची आठवण निघाली की बहुतेक जण एका वाक्यात विषय संपवतात. ‘धर्माच्या नावाने संघ होते, गांधीजींनी विरोध केला, मग ते बंद पडले.’ हे वाक्य खोटे नाही. पण त्यात १९४० चा तो विलक्षण मोसम हरवून जातो. या स्पर्धेत एक ‘मुस्लिम’ संघ होता आणि त्या वर्षी करंडकही त्यानेच जिंकला. म्हणून ही हकीकत आपण मराठी मुसलमानांनी तरी नीट समजून घ्यायला हवी, असे मला वाटते.

सुरुवात जमिनीपासून करावी लागेल. मुंबईत १८७५ साली बॉम्बे जिमखाना निघाला, तो फक्त गोऱ्यांसाठी. पारशांनी क्रिकेट त्याच्या कितीतरी आधी उचलले होते. १८८६ आणि १८८८ मध्ये त्यांचे संघ इंग्लंडचा दौराही करून आले. पुढे सरकारने समुद्राकाठी, आजच्या मरीन ड्राइव्हच्या पट्ट्यात, जमातवार भूखंड दिले. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना असे एकाशेजारी एक उभे राहिले. आजही तिकडून जाताना या पाट्या ओळीने दिसतात. खेळायला जागा हवी असेल तर आधी आपली जमात सांगा, असा तो मामला होता. पुढच्या सगळ्या भांडणाची मुळे तिथे आहेत. लोकांच्या मनात भिंती नव्हत्या असे मी म्हणणार नाही, पण त्या भिंतींना कुंपण आणि सातबारा मिळाला तो असा.

१८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असे सामने रीतसर होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदू संघ आला आणि ते ‘तिरंगी’ झाले. १९१२ मध्ये मुसलमान आले, ‘चौरंगी’ झाले. १९३७ मध्ये ‘इतर’ नावाचा पाचवा संघ आला आणि पंचरंगी हे नाव पडले. भारतीय ख्रिश्चन, अँग्लो-इंडियन, म्हणजे चार खणांत न बसणारे सगळे त्या ‘इतर’मध्ये. कुणाला तरी ‘इतर’ म्हणून मैदानात उतरवायचे आणि त्याने त्याच नावासाठी जीव तोडून खेळायचे, हे आज ऐकायलाही विचित्र वाटते. पण खेळाडू खेळत होते, कारण त्या काळी या देशात सर्वांत मोठी गर्दी आणि सर्वांत मोठे नाव याच स्पर्धेत मिळत असे. खेळ हौशी होता. पोटासाठी कुणी संस्थानिकाच्या पदरी, कुणी रेल्वेत, कुणी गिरणीत, कुणी पेढीवर नोकरी करायचे.

‘हिंदू’ हा खणही आतून एकसंध नव्हता. पुण्या-मुंबईत नावाजलेले डावखुरे गोलंदाज पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजाचे. संघाला त्यांचे बळी हवे असत, पण पुण्याच्या क्लबात चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना १९२३ मध्ये ते मिळाले आणि त्या वर्षी हिंदू संघाने करंडक जिंकला. हे सांगायचे कारण असे की धर्माचा संघ म्हटला की तो आतल्या माणसांना तरी समान वागवत असेल, असे आपण गृहीत धरतो. इतिहास तसे सांगत नाही.

आता १९४० कडे येऊ. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात, एकाच आठवड्यात, दोन घटना घडल्या. रामगढच्या काँग्रेस अधिवेशनात मौलाना अबुल कलाम आझाद यांनी अध्यक्ष म्हणून भाषण केले आणि मुसलमान असणे व हिंदुस्थानी असणे या दोन्हींचा सारखाच अभिमान सांगितला. लाहोरला मुस्लिम लीगने मुसलमानांसाठी वेगळ्या राज्यांचा ठराव केला. ऑक्टोबरात वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला. पहिले सत्याग्रही विनोबा भावे, दुसरे जवाहरलाल नेहरू. डिसेंबर उजाडेपर्यंत दोघेही तुरुंगात होते आणि रोज नवी नावे यादीत पडत होती.

नेमक्या त्याच डिसेंबरात ब्रेबोर्न स्टेडियमवर पंचरंगी सामने ठरले होते. हिंदू जिमखान्याचे पदाधिकारी वर्ध्याला गांधीजींना भेटायला गेले आणि खेळावे की नाही, असे विचारले. गांधीजींचे म्हणणे दोन भागांत होते. पहिले असे की, देशाचे पुढारी तुरुंगात असताना असा जल्लोष शोभत नाही. दुसरे जास्त खोल होते. कॉलेज विरुद्ध कॉलेज, संस्था विरुद्ध संस्था हे आपण समजू शकतो. पण हिंदूंचे अकरा, मुसलमानांचे अकरा, पारशांचे अकरा हे आपल्याला कधी समजले नाही. आयुष्याचा एखादा कोपरा तरी जमातवादापासून मोकळा ठेवता येणार नाही का, असा त्यांचा सवाल होता.

जिमखान्याच्या सभासदांत यावर जोरदार वाद झाला. शेवटी मतदान झाले आणि माघार घेण्याच्या बाजूने निकाल लागला, पण फरक मोठा नव्हता. हिंदू संघ १९४० च्या स्पर्धेत उतरला नाही. स्पर्धा मात्र थांबली नाही. उरलेल्या चार संघांत सामने झाले. अंतिम सामन्यात मुसलमानांनी ‘इतर’ना हरवले आणि करंडक नेला.

इथे थांबून तीन गोष्टी बघायला हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे हिंदू जिमखान्याची ही पहिली माघार नव्हती. तीनच वर्षांपूर्वी, १९३७ मध्ये, ब्रेबोर्न स्टेडियम नवे कोरे असताना, हाच संघ स्पर्धेबाहेर राहिला होता. तेव्हाचे कारण होते प्रेक्षकांच्या जागांचे वाटप. आपल्या जिमखान्याच्या वाट्याला पुरेशा खुर्च्या येत नाहीत, ही तक्रार होती. त्याही वर्षी करंडक मुसलमानांकडे गेला. म्हणजे एकदा खुर्च्यांसाठी आणि एकदा तत्त्वासाठी. तत्त्वाची किंमत मी कमी लेखत नाही. पण १९४१ मध्ये हिंदू संघ परत आला, जिंकला, आणि गांधीजींचे मत तर तसूभरही बदललेले नव्हते. मोसमापुरते पाळलेले तत्त्व पुढच्या मोसमात गर्दी आणि तिकिटांच्या पैशापुढे टिकले नाही.

दुसरी गोष्ट आपल्या बाजूची. या स्पर्धेला विरोध करणारे फक्त हिंदू होते, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. मुंबईत या सामन्यांविरुद्ध सतत लिहिणारे दैनिक होते ‘बॉम्बे क्रॉनिकल’, आणि त्याचे संपादक होते सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी. राष्ट्रीय विचारांचे, स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेले मुसलमान. त्यांच्या वर्तमानपत्राचे क्रीडा संपादक जे. सी. मैत्रा यांनी जमातवार क्रिकेटवर वर्षानुवर्षे टीका केली. मुस्लिम संघ जिंकत असताना त्या स्पर्धेलाच विरोध करायला किती धैर्य लागत असेल, याचा विचार करा. आपल्या पोरांना ब्रेलवींचे नावही माहीत नाही. माझ्या वर्गात मी एकदा विचारले, एकही हात वर झाला नाही. कसा होणार? ते नाव आपण घरात कधी घेतलेच नाही.

तिसरी गोष्ट त्या मुस्लिम प्रेक्षकाची, जो ब्रेबोर्नवर जाऊन आपल्या संघासाठी टाळ्या वाजवत होता. त्याला जातीयवादी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मला तसे करवत नाही. कौन्सिलात, नोकऱ्यांत, नगरपालिकेत सगळीकडे डोकी मोजली जात होती आणि तो अल्पसंख्य होता. मैदानात मात्र अकरासमोर अकराच. १९२४ मध्ये मुस्लिम संघाने पहिल्यांदा करंडक जिंकला, मग १९३४ आणि १९३५ ला लागोपाठ. मोजून हरणाऱ्याला खेळून जिंकता येते, हा आनंद खरा होता. तो आनंद खोटा नव्हता, पण ज्या मांडवात तो साजरा होत होता त्याचे खांबच चुकीच्या जागी रोवलेले होते. पराभूत बाजूला जो बसला होता, त्याला ‘हिंदू हरले’ हेच ऐकू येत होते. दोन माणसे एकाच सामन्यातून दोन वेगळ्या जखमा किंवा दोन वेगळे गर्व घेऊन घरी जात होती.

आणि खेळाडू? त्यांची गोष्ट तर याच्या नेमकी उलटी. १९३६ च्या जुलैमध्ये मँचेस्टरच्या कसोटीत विजय मर्चंट आणि मुश्ताक अली सलामीला उतरले आणि त्यांनी २०३ धावांची भागी केली. मर्चंट ११४, मुश्ताक ११२. परदेशात भारताचे पहिले कसोटी शतक मुश्ताक अलींचे. हेच दोघे मुंबईत आले की एक हिंदू संघात, दुसरा मुस्लिम संघात. सांगलीत जन्मलेले, मराठी बोलणारे विजय हजारे ख्रिश्चन, म्हणून ‘इतर’मध्ये. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५ बाद ५८१ वर डाव सोडला, मर्चंट नाबाद २५०. ‘इतर’ पहिल्या डावात १३३ मध्ये गारद. दुसऱ्या डावात एकूण धावा ३८७, त्यातल्या ३०९ एकट्या हजारेंच्या! भाऊ विवेक यांच्यासोबत त्यांनी ३०० ची भागी केली, त्यात विवेक यांचा वाटा २१. सामना एक डाव आणि ६१ धावांनी हरले, पण आज लक्षात आहे ती हजारेंची खेळी. पुढे १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार हेच ‘इतर’ होते.

म्हणजे एकत्र खेळण्याचा मार्ग होता. आणि तो १९४० च्याच मोसमात, आपल्या महाराष्ट्रात, अगदी समोर होता. रणजी स्पर्धा १९३४ पासून सुरू झाली होती. त्यात संघ प्रांताचा, धर्माचा नव्हे. १९३९-४० आणि १९४०-४१ असे लागोपाठ दोनदा महाराष्ट्राने रणजी करंडक जिंकला. कर्णधार होते पुण्याचे संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर. १९४०-४१ मध्ये पुण्याला मुंबईविरुद्ध महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या आणि मुंबईने ६५० नी उत्तर दिले. ४८ वर्षांच्या देवधरांनी त्या सामन्यात २४६ काढल्या. हजारे त्या दिवसांत देवधरांच्याच हाताखाली महाराष्ट्राकडून खेळत होते. पुण्याच्या मैदानावर ते आपल्या घरचे होते, आणि रेल्वेने घाट उतरून मुंबईत आले की ‘इतर’.

पण रणजीच्या सामन्यांना पंचरंगीसारखी गर्दी होत नव्हती. ही बोचणारी गोष्ट आहे, आणि सरकारवर किंवा जिमखान्यावर ढकलून ती संपत नाही. भूखंड सरकारने दिले, संघ जिमखान्यांनी बांधले, पण तिकिटे आपण काढली. एकाच मोसमात दोन दारे उघडी होती आणि लोक रांग लावत होते ती धर्माच्या पाटीच्या दारापुढे. हिंदू जिमखान्याने माघार घेतली ते ठीक, पण तीच ऊर्जा प्रांताच्या संघामागे लावली असती, मुस्लिम आणि पारशी जिमखान्यांशी आधी बसून बोलले असते, तर १९४० हा पंचरंगीचा शेवट ठरू शकला असता. तसे झाले नाही. ‘छोडो भारत’च्या १९४२ मध्ये स्पर्धा झाली नाही, पण नंतर पुन्हा भरली. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुसलमानांनी हिंदूंना अवघ्या एका गड्याने हरवले. सलामीला आलेले मुंबईचे के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद राहिले, १३७ धावा. १९४५-४६ चा मोसम शेवटचा ठरला.

त्यानंतर देशच वाटला गेला. इब्राहिम १९४८ मध्ये भारताकडून कसोटी खेळले, पुढे कराचीला स्थायिक झाले. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात भारताकडून खेळलेले अब्दुल हफीज कारदार १९५२ मध्ये दिल्लीला पाकिस्तानचे कर्णधार म्हणून आले. मुश्ताक अली इंदूरलाच राहिले आणि २००५ मध्ये तिथेच गेले. एकाच संघातली माणसे, तीन वाटा. ‘मुस्लिम संघ’ या नावाने जी एकी दाखवली जात होती, ती आयुष्याच्या खऱ्या निवडीत कुणालाच बांधू शकली नाही.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, म्हणून मुले दोन्हीकडची भेटतात. नाशकात सुट्ट्या लागल्या की टेनिस बॉलच्या स्पर्धांना उधाण येते. जुन्या नाशकात, वडाळ्यात, पंचवटीत, सातपूरला. गल्लीच्या नावाने संघ पडतात. गल्ली एका जमातीची असेल तर संघही आपोआप तसाच पडतो. त्यासाठी कुठल्या लॉर्डाने भूखंड द्यावा लागत नाही. भारत-पाकिस्तान सामन्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पोराला ‘तू कोणाकडून होतास?’ असे हसत विचारले जाते, तेव्हा तो प्रश्नही त्याच जुन्या पंचरंगी खणांतून आलेला असतो. त्याचे उत्तर रागाने देऊन होत नाही, आणि आपला वेगळा संघ काढूनही होत नाही.

म्हणून मी एवढेच करतो. खेळाच्या तासाला संघ मुलांना पाडू देत नाही. हजेरीच्या क्रमांकाने पाडतो, सम एकीकडे, विषम दुसरीकडे. सुरुवातीला कुरकुर होते. दोन षटकांनंतर कुणाला झेल पकडता येतो आणि कुणाला नाही, एवढाच हिशेब उरतो. तुमच्या मोहल्ल्यात या सुट्टीत स्पर्धा भरणार असेल, तर आयोजकांना प्रवेश अर्जावर एक अट घालायला सांगा : प्रत्येक संघात किमान तीन खेळाडू दुसऱ्या गल्लीचे.