छोट्या टेलिस्कोपमधून ग्रह खरंच कसे दिसतात?

पगारवाढ झाली तेव्हा मी हौसेने ७० मिमीचा टेलिस्कोप घेतला. खोक्यावर शनीचा झकास रंगीत फोटो आणि मोठ्या अक्षरात ‘५२५ पट’. पहिल्याच रात्री घरच्यांना गच्चीवर बोलावलं. धाकट्या बहिणीने गुरू बघितला आणि म्हणाली, "दादा, एवढंच?" दुसऱ्या दिवशी टेलिस्कोप खोक्यात परत. विकायचंही ठरवलं होतं.

आधी त्या ५२५ चं गणित बघू. टेलिस्कोपची फोकल लेंग्थ भागिले आयपीसची फोकल लेंग्थ, एवढंच ते आहे. माझा टेलिस्कोप ७०० मिमीचा. १० मिमीचा आयपीस लावला की ७० पट. सोबत आलेला ४ मिमीचा आयपीस आणि त्यावर ३ पटींची बार्लो लेन्स लावली की ५२५ पट! कागदावर बरोबर आहे. पण पुढच्या भिंगाचा व्यास जितके मिमी, त्याच्या साधारण दुपटीपर्यंतच झूम कामाचा, म्हणजे इथे १४० पट. त्यापुढे फोनच्या डिजिटल झूमसारखं होतं: चित्र मोठं, तपशील तेवढेच, वर अंधुक आणि थरथरणारं.

आपल्या डोक्यात बसलेले फोटोही वेगळेच असतात. कॅसिनी यान २००४ ते २०१७ शनीभोवती फिरत होतं. हबलचा आरसा २.४ मीटरचा आहे. त्यांच्याशी आपल्या ७० मिमीची तुलना कशी करणार?

मग दिसतं काय? गुरू म्हणजे मलईच्या रंगाची छोटी तबकडी, नीट बघितलं तर दोन फिकट पट्टे आणि बाजूला जवळपास एका रेषेत चार चंद्र. हेच चंद्र गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये पाहिले होते. शनी वाटाण्याएवढाही वाटत नाही, पण कडं स्पष्ट कळतं. २०२५ मध्ये त्याची कड आपल्याकडे होती, त्यामुळे ते रेघेसारखं झालं होतं. आता पुढची काही वर्षं ते उघडत जाईल. शुक्राची चंद्रासारखी कोर दिसते. मंगळ साधारण २६ महिन्यांनी जवळ येतो, एरवी नारिंगी ठिपकाच. युरेनस-नेपच्यूनच्या नादी सुरुवातीला लागू नका.

माझी खरी चूक वेगळी होती. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडतो, त्या हवेतून ग्रह उकळत्या पाण्यातल्यासारखा हलतो. शक्य असेल तर मोकळ्या मैदानात जा, टेलिस्कोप अर्धा तास आधी बाहेर ठेवा, ग्रह डोक्यावर चढू द्या. आणि एका ग्रहाला दहा मिनिटं तरी द्या, पट्टे हळूहळू कळायला लागतात. फोनने फोटो काढताना गुरू पांढरा गोळा येतो, म्हणून एक्स्पोजर अगदी खाली आणा.

महिन्याभराने बहिणीला पुन्हा बसवलं, सलग दोन रात्री. दुसऱ्या रात्री तीच ओरडली, "अरे, काल चार होते, आज तीनच कसे?" चौथा गुरूच्या मागे गेला होता की समोरून जात होता, हे शोधायला आम्ही लगेच स्टेलॅरियम ॲप उघडलं.