आयर्न मॅन पिनबॉल: झटपट हरवणारं हे मशीन लोकांना इतकं का आवडतं?

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सरांची पाठ वळली की एक गेम हमखास उघडला जायचा. विंडोज एक्सपीमधला 'स्पेस कॅडेट' पिनबॉल. आपल्यापैकी बहुतेकांची पिनबॉलशी ओळख तिथेच सुरू झाली आणि तिथेच संपली, कारण पुढे विंडोज व्हिस्टा आली तेव्हा त्यात हा गेम नव्हता.

खरं पिनबॉल मशीन मात्र स्क्रीनवर नसतं. काचेखाली एक तिरकी लाकडी फळी असते, तिला प्लेफिल्ड म्हणतात. तिचा उतार साधारण साडेसहा अंशांचा. त्यावरून सुमारे 80 ग्रॅम वजनाचा स्टीलचा बॉल घरंगळत खाली येतो आणि तो खालच्या फटीत जाऊ नये म्हणून तुमच्याकडे दोन छोटे दांडे असतात, म्हणजे फ्लिपर. बॉल फटीत गेला की तो बाद. सहसा एका खेळात असे तीन बॉल मिळतात.

अमेरिकेत अशी शेकडो मॉडेल्स बनली. त्यातलं एक आहे 2010 सालचं 'आयर्न मॅन'. आलं तेव्हा फारसं कुणी कौतुक केलं नाही. आज अवघड मशीन शोधणारे खेळाडू मात्र त्याचं नाव आवर्जून घेतात.

मग तेव्हा दुर्लक्ष का झालं?

त्यासाठी तो काळ पाहावा लागेल. 1990च्या दशकात पिनबॉलचा धंदा व्हिडिओ गेम्समुळे आटत गेला. 1999 मध्ये विल्यम्स या सर्वात मोठ्या कंपनीने पिनबॉल बनवणं थांबवलं आणि शिकागोजवळची स्टर्न ही एकच मोठी उत्पादक कंपनी उरली. त्यात 2008ची मंदी आली, स्टर्नला कर्मचारी कमी करावे लागले. पुढच्या काही मशीनमध्ये काटकसर उघड दिसत होती.

'आयर्न मॅन' याच दिवसांतलं. डिझायनर जॉन बोर्ग. दोन फ्लिपर, दोन रॅम्प, दोन्ही कडांच्या लेनमध्ये एकेक स्पिनर म्हणजे बॉल लागला की गरगर फिरणारी पत्र्याची पट्टी. मध्यभागी जमिनीतून वर येणारा आयर्न मॉन्गर, म्हणजे 2008च्या सिनेमातला खलनायक. याच मशीनच्या पुढच्या-मागच्या काळातल्या भरगच्च मशीनशी तुलना केली तर हे रिकामं, स्वस्तातलं वाटतं. फोटोत तर अजूनच.

खेळायला उभं राहिलं की मत बदलतं. फळीवर अडथळे कमी, त्यामुळे बॉलचा वेग कुठे मोडतच नाही. कडेच्या लेनमधून मारलेला बॉल वरून वळसा घेऊन दुसऱ्या बाजूने अंगावर येतो, श्वास घ्यायला वेळ मिळत नाही. मॉन्गरवर मारलं तर धोका वेगळा. त्याच्यासमोर फळीखाली चुंबक आहे. तो बॉल पकडतो, हलवतो आणि सोडून देतो, आणि सुटलेला बॉल नेमका कुठे जाईल हे सांगता येत नाही. कधीकधी सरळ दोन फ्लिपरच्या मधून खाली. हात लावायचीही संधी नाही.

म्हणजे खलनायकाला मारायलाच हवं, कारण गुण तिथे आहेत, आणि प्रत्येक वेळी मारताना बॉल गमावण्याची भीती आहे. माझ्या मते या मशीनची सगळी गंमत या एका पेचात आहे.

पण हरायला कुणाला आवडतं?

इथे थोडं मागे जाऊया. 1942 मध्ये न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो ला गार्डिया यांनी पिनबॉलवर बंदी आणली होती. हा निव्वळ जुगार आहे, असं त्यांचं म्हणणं. (त्यात थोडं तथ्य होतं, कारण फ्लिपर आले 1947 मध्ये. त्याआधी बॉल सोडायचा, मशीनला धक्के द्यायचे आणि नशिबावर हवाला.) बंदी उठली 1976 मध्ये. रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने नगर परिषदेच्या सुनावणीत मशीनवर खेळून दाखवलं. बॉल वरच्या मधल्या लेनमधून जाईल असं आधी सांगितलं आणि तो तसाच गेला. नशीब की कौशल्य हा प्रश्न आपल्याकडे रमीवरूनही सुप्रीम कोर्टात गेला होता, तोच हा वाद.

'आयर्न मॅन'च्या बाबतीत याचं उत्तर हळूहळू कळतं. नवखा माणूस दिसेल तो बॉल हवेतच टोलवतो आणि लगेच बाद होतो. मुरलेला खेळाडू आधी बॉल थांबवतो. उचलून धरलेल्या फ्लिपरवर बॉल अडवायचा, किंवा फ्लिपर न हलवता त्यावरून बॉलला टप्पा घेऊन पलीकडे जाऊ द्यायचं. मशीनला हलका धक्का द्यायचीही मुभा असते, पण मर्यादेत. आत लोंबणारा एक लोलक असतो, तो जास्त हलला की 'टिल्ट' होतं, फ्लिपर बंद पडतात आणि तो बॉल गेला.

मग पुढचा विचार सुरू होतो. या मशीनमध्ये मॉन्गर, वॉर मशीन, व्हिपलॅश अशा नावांचे मल्टीबॉल आहेत, म्हणजे एकाच वेळी अनेक बॉल खेळात. एक चालू असताना दुसरा सुरू करता आला तर गुण झपाट्याने वाढतात. त्यामुळे आता घ्यायचं की थोडं थांबायचं, हा हिशेब बॉल धावत असतानाच करावा लागतो. अजून पुढे 'डू ऑर डाय' नावाचा टप्पा आहे. अनेकांना तो कधी दिसतच नाही.

स्पर्धा भरवणाऱ्यांनाही अशी मशीन सोयीची पडतात. सोप्या मशीनवर दोन चांगले खेळाडू बराच वेळ खेळत राहतात आणि रांग खोळंबते. इथे खेळ लवकर संपतो, शिवाय चूक लपत नाही.

मागणी टिकून राहिली आणि 2014 मध्ये स्टर्नने 'व्हॉल्ट एडिशन' म्हणून हेच मशीन पुन्हा बाजारात आणलं. बोर्गची 'ट्रॉन: लेगसी', 'मेटॅलिका' आणि 'द वॉकिंग डेड' ही मशीन मधल्या काळात गाजली होती किंवा येत होती. त्यातलं 'वॉकिंग डेड'ही दयामाया न दाखवणाऱ्यांपैकीच.

तुम्ही फोनवर किंवा गेमिंग कन्सोलवर 'आयर्न मॅन' पिनबॉल खेळला असाल, तर तो बहुधा झेन स्टुडिओजचा असेल. तोही 2010 मध्येच आला. नाव एकच, पण टेबल पूर्ण वेगळं, त्यावरचा सराव खऱ्या मशीनवर उपयोगी पडणार नाही. परदेशात एखाद्या आर्केडमध्ये स्टर्नचं मशीन दिसलं, तर पहिले दोन-तीन खेळ मॉन्गरच्या नादी लागू नका. आधी बॉल फ्लिपरवर थांबवता येतो का ते बघा.