सरंजामाची सनद आणि हेगचा निवाडा

इंदूरच्या जुन्या मराठी घरांतून, मग ती राजवाड्याच्या परिसरातील असोत वा पोलोग्राउंडकडची, मोडी सनदांचे एखादे पुडके आजही निघते. सरंजाम म्हणजे गावाचा वसूल, गावाचे राज्य नव्हे, हे अशा घरांना सांगावे लागत नाही. हाच भेद एकदा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात तपासला गेला. त्या प्रकरणाचे स्मरण आम्हांस आज अगत्याचे वाटते.

१७७९ मध्ये पुणे दरबार आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यात वार्षिक बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे पोर्तुगीजांस देण्याचे ठरले. पुढे १७८३ व १७८५ मध्ये नगरहवेली व दादरा त्यांच्याकडे गेली. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी ही ठाणी मुक्त केली. २ ऑगस्टला सिल्वासा हाती आले. या मोहिमेत सुधीर फडके, राजाभाऊ वाकणकर व बाबासाहेब पुरंदरे होते. त्याच सुमारास भारताने दमणहून तेथे जाणारी वाट पोर्तुगीजांना बंद केली. डिसेंबर १९५५ मध्ये पोर्तुगालने न्यायालयात धाव घेतली.

निकाल १२ एप्रिल १९६० रोजी लागला. भारताच्या वतीने नेमलेले न्यायमूर्ती मो. क. छागला पीठावर होते. पेशव्यांनी दिले ते उत्पन्न, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. मात्र पुढे इंग्रजांनी पोर्तुगीज सत्ता मान्य केली होती, हेही नोंदविले. म्हणून दीर्घ वहिवाटीने खासगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना वाट होती. सैन्य, सशस्त्र पोलीस व दारूगोळा यांना नव्हती. हा दुसरा निर्णय आठ विरुद्ध सात मतांनी झाला. भारताने कर्तव्यभंग केला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले.

आमच्या मते या निवाड्याचे मर्म या विभागणीत आहे. आक्रमक कोण, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हता. तरीही निःशस्त्र माणसाची वाट आणि शस्त्राची वाट एक नव्हे, हे त्याने स्पष्ट केले. उणीव दुसरीकडे होती. त्या गावांतील वारली, कोकणा, धोडिया यांना हेगच्या दरबारात स्थान नव्हते. तेथे केवळ राज्येच वादी-प्रतिवादी असतात.

ही उणीव भरून काढण्याचा यत्न मानवाधिकार न्यायालये करतात. स्ट्रासबर्गच्या युरोपीय न्यायालयात सामान्य माणूसही राज्याविरुद्ध दाद मागू शकतो. परंतु युद्धापुढे तेही अडखळले. २००८ च्या जॉर्जिया-रशिया युद्धातील ऐन धुमश्चक्रीचे दिवस आपल्या अधिकारकक्षेबाहेर आहेत, असे त्याने २०२१ मध्ये ठरविले. जुलै २०२५ मध्ये युक्रेनप्रकरणी मात्र त्याने ती मर्यादा ओलांडून रशियास जबाबदार धरले.

आशियात असे न्यायालय नाही. शिवाय भारताने १९७४ मध्ये, आणि पुन्हा २०१९ मध्ये, सशस्त्र संघर्षाचे वाद हेगच्या सक्तीच्या अधिकारकक्षेतून वगळले आहेत. राज्याच्या संरक्षणासाठी ते समजण्याजोगे आहे. परंतु सीमेवरच्या गावकऱ्याने गाऱ्हाणे कोठे न्यावे, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. १७७९ च्या तहात गाव रुपयांत मोजले गेले. त्या गावातील माणसाला स्वतःच्या नावाने उभे राहता येईल असे दार आपल्या खंडात उघडणे अजून बाकी आहे.